वरचे दोन उलटे

प्रसेनजित जगात आला तो पायांकडून. बाकीची माणसं डोकं पुढं घालून येतात, हा चालत आला, असं त्याची आई विमलबाई आल्यागेल्याला अजून सांगतात, आणि सांगताना त्यांचा चेहरा असा होतो की पोराने जन्मायच्या आधीच एखादी परीक्षा पास केली असावी. अशा माणसाला पायाळू म्हणतात. पायाळू माणसाने दुखऱ्या कमरेला पाय लावला की भरलेली उसण उतरते, ही शेलूबाजारच्या आसपास सगळ्यांची पक्की समजूत. त्यातून एक माणूस वगळायचा, तो म्हणजे प्रसेनजितचे वडील उकंडराव. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. गाडी सुटायला कारण लागतं, न सुटायलाही कारण लागतं, हे त्यांनी आयुष्यभर लाउडस्पीकरवरून लोकांना समजावलं. तेव्हा उसणही विनाकारण उतरणार नाही, असं त्यांचं म्हणणं. घरात हा उपचार बंद होता. तो चालायचा प्रसेनजितच्या दुकानात, फ्लेक्सच्या रोलांच्या आड. त्या वेळी उकंडराव दुकानात असलेच, तर ते पेपर डोळ्यांच्या जरा जास्तच जवळ धरायचे.

दुकानाचं नाव ‘निळाई ग्राफिक्स’. हमरस्त्याला लागून, जीपा थांबतात तिथंच. शेलूबाजारच्या चौकात जेवढे चेहरे वाऱ्यावर फडफडतात, तेवढे सगळे प्रसेनजितच्या हातून गोरे झालेले असतात. वाढदिवस, निवड, सत्कार, पुण्यस्मरण, त्याला काहीही सांगा. फ्लेक्स हे तसं सरळमार्गी काम आहे. त्याला एकच तोंड असतं, वर म्हणजे वर आणि खाली म्हणजे खाली, आणि चुकून उलटा लागलाच तर तो लावणाऱ्याचा दोष. प्रसेनजितला हे फार मानवलं होतं. कारण उलट आणि सुलट यांच्याशी त्याचं लहानपणापासून जुळलं नव्हतं. चपला घातल्या की डावी उजवीत जायची. बनियन उलटी निघायची. एकदा कारंज्याला जायला म्हणून गाडीत बसला आणि मालेगावला उतरला. नियंत्रकाचा मुलगा चुकीच्या गाडीत बसला, ही गोष्ट उकंडरावांनी कितीतरी दिवस मनाला लावून घेतली होती. विमलबाई म्हणायच्या, पायाळू आहे, त्याला जग दुसऱ्या टोकाकडून दिसतं, त्यात त्याचा काय दोष.

हे सगळं असंच चाललं असतं. पण एक दिवस रंगराव आले.

रंगराव म्हणजे गावाबाहेरच्या मळ्यातले भाजीवाले. वांगी, मिरची, कोबी यांची रोपं तयार करून विकतात. आले होते ते कमरेसाठी. रोलांच्या आड जाऊन पालथे पडले, पाय लावून घेतला, उठले, कमर हलवून पाहिली, आणि समाधान झाल्यावर खिशातून एक कागद काढला. अकोल्याच्या कृषी प्रदर्शनात कुठल्याशा बियाण्यांच्या कंपनीने तो वाटला होता. घडीचा कागद. मिटलेला असताना पुस्तकाएवढा, उघडला की आत दोन पानं, पूर्ण उलगडला की चांगला लांबरुंद, आणि गंमत अशी की छापलेला एकाच बाजूने. आपल्या रोपवाटिकेचा असाच करून दे, म्हणाले. प्रसेनजितने तो उलगडला आणि तिथंच त्याच्या आयुष्याची घडी विस्कटली.

कारण उलगडलेल्या कागदावर खालची दोन पानं सरळ होती आणि वरची दोन डोकं खाली, पाय वर.

त्याला वाटलं, छापणाऱ्याची चूक. मग त्याने तो परत मिटला. वरचा अर्धा भाग मागं गेला, कागद पुस्तकासारखा बंद झाला, आत पाहिलं तर सगळं सरळ. पुन्हा उलगडला, वरचे दोन उलटे. पुन्हा मिटला, सगळे सरळ. असं त्याने इतक्या वेळा केलं की रंगरावांनी विचारलं, तुही कमर भरली का काय.

बरं, कागदावर पाहणं वेगळं आणि तेच लेआउटच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवणं वेगळं. पडद्यावर घडी घालता येत नाही. प्रसेनजितने वरची दोन पानं सरळच ठेवून काम केलं आणि मग दोन्ही गोल फिरवली. फिरल्यावर कळलं की मिरची जिथं पाहिजे तिथं कोबी गेला आहे, कारण नुसतं उलटं करून भागत नाही, डावं-उजवंही बदलतं. ते बदललं. तेव्हा दिसलं की वांग्याखाली टाकलेली सावली आता वांग्याच्या डोक्यावर पडते आहे, म्हणजे रंगरावांच्या मळ्यात सूर्य जमिनीतून उगवत होता. सावली दुरुस्त करायची तर उलट्या मजकुरात शिरायचं. उलट्या ओळीत चूक दिसेना, म्हणून त्याने मान वाकडी केली. मान दुखली, म्हणून मॉनिटरच उचलून उलटा ठेवला. मॉनिटर उलटा केल्यावर माऊस उजवीकडे सरकवला की बाण डावीकडे पळायला लागला. शेवटी कुठल्याशा मेनूत त्याला पान फिरवून दाखवायची सोय सापडली. ती दाबली. पान फिरलं. मग तो खूप वेळ विचार करत बसला की आता खरोखर पान फिरलं आहे की फक्त दाखवायला फिरलं आहे, आणि खात्री करून घ्यायला त्याने ते आणखी एकदा फिरवलं. त्यानंतर काय कशाच्या बाजूने उलटं होतं, हे त्या सॉफ्टवेअरलाही सांगता आलं नसतं.

नंतर त्याने एक उपाय काढला. एका कोऱ्या कागदाची घडी घालायची, मिटलेल्या कागदाच्या प्रत्येक पानावर पेनाने ‘समोर’, ‘आत डावं’, ‘आत उजवं’, ‘मागं’ असं लिहायचं, आणि मग उलगडून पाहायचं. तो कागद तो शर्टाच्या खिशात ठेवायला लागला. जेवताना काढून पाहायचा. चहाच्या टपरीवर मिटवून पाहायचा. कोणी विचारलं तर एवढंच म्हणायचा, “वरचे दोन उलटे.” गावात दोन-चार जणांना ही कुठल्यातरी पक्षाची आतली बातमी वाटली.

कच्चा नमुना पाहायला रंगराव आले आणि त्यांनी कागद पूर्ण उलगडून हातात धरला.

“वांग्याचं समजू शकतो,” ते म्हणाले, “वांगं लटकतेच. पण मिरचीचं रोप मुळ्या वर करून काहून उभं हाय?”

प्रसेनजितने घडी घातली आणि पुन्हा हातात दिली. रंगरावांनी उघडलं. मिरची सरळ. मुळ्या मातीत. त्यांनी ते मिटवलं, उघडलं, पूर्ण उलगडलं, परत मिटवलं. मग शेजारच्या दुकानातल्या माणसाला बोलावून त्याच्यासमोर उघडलं. त्या हंगामात रंगरावांकडे रोप घ्यायला येणाऱ्याला आधी हा खेळ पाहावा लागायचा, मग रोप मिळायचं.

इथंच प्रसेनजितच्या डोक्यात हवा गेली. आणि हवा गेली ती नेमकी अशा वेळी, जेव्हा घरात त्याच्या लग्नाचं चाललं होतं.

या तालुक्यातल्या कितीतरी पोरापोरींचे बायोडाटे त्याने स्वतः बनवलेले. कोपऱ्यात फोटो, खाली नाव, उंची, शिक्षण, मामाचं गाव. त्याच्या नमुन्यावर लोकांची लग्नं झाली, पोरं झाली, त्या पोरांचे पहिल्या वाढदिवसाचे फ्लेक्सही त्यानेच छापले. त्याचं स्वतःचं मात्र अडलेलं. दुकान म्हणजे नोकरी नाही, असं म्हणून तीन-चार ठिकाणांहून नकार आलेले. त्यांचं त्याला फार वाईट वाटलं नव्हतं. पण मेडशीचं स्थळ आलं तेव्हा गोष्ट वेगळी होती. मुलगी निता, मालेगावच्या एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायला. विमलबाईंची साखर तपासायला तो एकदा तिथं गेला होता. सुईच्या नावाने विमलबाई दवाखाना डोक्यावर घेतात. निताने त्यांना विचारलं, मावशी, तुमच्या गावात आज बाजार होता का, आणि विमलबाई भाव सांगायला लागल्या तोवर सुई टोचून, रक्त घेऊन, कापूस लावून मोकळी. विमलबाईंना पत्ताच नाही. प्रसेनजित कोपऱ्यात बसून हे पाहत होता. तिने त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं. पण त्या दिवसापासून, कोणी विचारलं नसलं तरी, या एका ठिकाणाहून त्याला ‘हो’ ऐकायचं होतं.

म्हणून त्याने ठरवलं की आपला बायोडाटा साधा नको. घडीचा. समोर फोटो आणि नाव. आत डावीकडे घरचे लोक, आत उजवीकडे अपेक्षा, मागं पत्ता. असा बायोडाटा वाशीम जिल्ह्यात कोणी केला नसेल.

मजकुरासाठी घरात बैठक बसली. घरच्यांच्या पानावर सगळ्यात शेवटी ‘विशेष : मुलगा पायाळू’ असं आलंच पाहिजे, असा विमलबाईंनी हट्ट धरला. उकंडराव म्हणाले, आपल्या घरात असलं छापायचं नाही, लोक काय म्हणतील. त्यावर विमलबाई म्हणाल्या की लोक कमर धरून आपल्याच दारात येतात, तेव्हा लोकांचं नका सांगू. शेवटी तोडगा निघाला की छापायचं, पण अगदी बारीक अक्षरात. अपेक्षांचं पान दोघांनी वाटून घेतलं. सुस्वभावी, घरकामात हुशार, मोठ्यांचा मान ठेवणारी, ह्या विमलबाईंच्या. नोकरी असल्यास उत्तम, ही उकंडरावांची. प्रसेनजितला कोणी काही विचारलं नाही. तो टाइप करत होता.

मेडशीला त्याची आत्या राहते, भागिरथा आत्या. स्थळ तिनेच आणलेलं. छापलेला बायोडाटा जीपवाल्याच्या हाती पाठवायचा ठरलं होतं. पण सकाळीच आत्याचा फोन आला की निताचे वडील, गुरुजी, आत्ताच घरी येऊन बसले आहेत, कागद मोबाइलवर टाक. दुकानात गर्दी होती. एक माणूस पुण्यस्मरणाच्या फ्लेक्ससाठी वडिलांचा फोटो घेऊन उभा होता आणि एक कमर धरून. प्रसेनजितने घाईघाईत बायोडाट्याची फाइल काढली आणि पाठवून दिली. पूर्ण कागद. उलगडलेला.

तिकडे मेडशीला काय झालं ते त्याला नंतर तुकड्या-तुकड्याने कळलं. गुरुजींनी मोबाइल हातात घेतला. खाली उजवीकडे प्रसेनजितचा फोटो, व्यवस्थित, सरळ, हसरा. आणि वर त्याचे आई-वडील, आजोबा, मामा, काका, सगळं कुळ डोक्यावर उभं. गुरुजींनी मोबाइल फिरवला. चित्रही त्याच्यासोबत फिरलं आणि कुळ उलटंच राहिलं. पुन्हा फिरवला, पुन्हा तेच. आत्याने फिरवून पाहिला. तिच्या सुनेने पाहिला. शेवटी गुरुजी, जे शाळेत विज्ञान शिकवायचे, मोबाइल खाटेवर ठेवून स्वतःच फिरले. आडवे वाकले, मान खाली घातली आणि उलटं कुळ सरळ वाचायला लागले. अगदी शेवटची ओळ फारच बारीक होती, म्हणून आणखी थोडे वाकले. तेवढ्यात कमरेत कळ आली आणि गुरुजी तसेच राहिले. त्यांना वाकलेल्या अवस्थेतच घरी न्यावं लागलं.

दुपारी आत्याचा फोन आला, तो उकंडरावांनी घेतला. आत्या म्हणत होती, गुरुजी म्हणतात की पोराने स्वतःचा फोटो तेवढा सरळ लावला आणि माय-बापाचं नाव उलटं टांगलं, ही कुठली रीत.

उकंडरावांनी फोन ठेवला. “चौतीस वर्षं सरळ वागलो,” ते म्हणाले, “एक गाडी उलट्या फलाटावर लावली नाही. आन् मेडशीत उलटा झालो.”

प्रसेनजितने समजावून सांगितलं की वरचे दोन उलटेच पाहिजेत, घडी घातली की सरळ होतात. त्याने खिशातला कागद काढून दाखवला. उकंडरावांनी तो पाहिला, मिटवला, उघडला, आणि म्हणाले की तुझं सगळं खरं असेल, पण मोबाइलची घडी कशी घालणार. तेव्हा प्रसेनजितने दुसरी चूक केली. घाईने चारही पानं सरळ केली आणि तो कागद मेडशीला पाठवला. वर लिहिलं, ‘हा पाहा, हा सरळ आहे.’

गुरुजींनी तो अंथरुणावर पडून पाहिला. त्यांचा निष्कर्ष असा की सकाळी माय-बाप उलटे होते आणि दुपारी सरळ झाले, तेव्हा ह्या पोराचं नक्की काय आहे ते त्यालाच ठाऊक नाही. आत्याने कळवलं, “ते म्हणतात, कळवतो.”

लग्नाच्या व्यवहारात ‘कळवतो’ म्हणजे काय, हे बायोडाटे छापणाऱ्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. प्रसेनजितने खिशातला कागद काढून खणात टाकला. दोन-तीन दिवस तो फ्लेक्सच करत राहिला. एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर त्याने नेत्याचा फोटो उलटा लावला आणि छापायच्या आधी त्याला ते दिसलंही नाही. पुसद रस्त्याच्या एका मेकॅनिकने ते दाखवलं, तोही कमरेसाठी आला होता म्हणून.

मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीच्या वेळी दुकानाचा फोन वाजला.

“निळाई ग्राफिक्स का?”

त्याने सवयीप्रमाणे विचारलं, फ्लेक्स का पत्रिका.

“बायोडाटा.”

“आमच्याकडे नमुने हायेत. मुलाचा का मुलीचा?”

“तुमचा,” तिकडून आवाज आला. “मी निता बोलून राह्यली. लॅबमधून.”

प्रसेनजित उभा होता तो बसला, आणि बसल्यावर लक्षात आलं की मागं खुर्ची नाही, रोल आहे. रोल सरकला. सावरून त्याने फोन कानाला लावला तेव्हा ती सांगत होती की बाबा मोबाइलवर पाहून पाहून वैतागले, पण तो पहिला कागद तिने लॅबच्या प्रिंटरवर काढला आहे, रिपोर्ट छापतात त्याच्यावर. कागदाच्या मधोमध बारीक रेघा आहेत, म्हणजे कुठंतरी घडी असणार. ती कशी घालायची, एवढंच विचारायला फोन केला.

प्रसेनजितने खण उघडला आणि आपला कागद शोधून समोर ठेवला. असं सोपं काम त्याला कोणी कधी सांगितलं नव्हतं आणि ते त्याला इतकं अवघडही कधी वाटलं नव्हतं. तो म्हणाला, वरचा अर्धा भाग मांगं घ्या.

“वरचा कोणता? फोटोचा?”

“फोटो खाली हाय.”

“माह्या हातात फोटो वर हाय.”

“मंग तुमाले मी उलटा दिसत असन.”

“हो,” ती म्हणाली. “तुमचे माय-बाबा सरळ हायेत. तुमीच उलटे.”

“मी जन्मलो तसाच,” तो बोलून गेला, आणि बोलल्यावर त्याचा त्यालाच घाम फुटला. तिकडून ती हसल्यासारखं त्याला वाटलं, पण ते लॅबमधलं कुठलं यंत्रही असू शकत होतं.

तिने कागद फिरवला. आता फोटो खाली. त्याने पुन्हा सुरुवात केली, आडवी घडी, वरचा भाग मांगं. ती म्हणाली, मी तर आधीच उभी घातली, डावं उजव्याच्या मांगं. तो म्हणाला, नाही, आधी आडवी, मंग उभी. ती म्हणाली, आता घातली ना. कागद कडक आहे, मोडला की तसाच राहतो. मग तिने त्यावरच आडवी घडी घातली आणि म्हणाली, “हे त उभं राह्यलं.”

“काय उभं राह्यलं?”

“कागद. टेबलावर. झोपडीच्या छपरासारखा.”

प्रसेनजितचा गोंधळ आता पूर्ण झाला होता. असं होणं शक्यच नव्हतं. हे पत्रक होतं, ते मिटतं, उघडतं, उभं राहत नाही. त्याने विचारलं, दिसतं काय त्याच्यावर. ती सांगायला लागली. समोरून तुमचा फोटो आणि नाव. मागच्या बाजूने तुमच्या घरचे सगळे. दोन्ही सरळ.

“दोन्ही?”

“दोन्ही.”

त्याने समोरचा कागद घेतला, आधी उभी घडी, मग आडवी, आणि टेबलावर ठेवला. कागद उभा राहिला. एका बाजूला ‘समोर’, सरळ. तो उठून टेबलाच्या पलीकडे गेला. तिथं ‘आत डावं’, सरळ. तो परत इकडे आला, पुन्हा तिकडे गेला. इतके दिवस तो कागद खिशात घेऊन फिरत होता आणि त्याला हे कधी सुचलं नव्हतं. पत्रिका घ्यायला आलेल्या एका बाईने त्याला टेबलाभोवती फिरताना पाहिलं आणि ती दारातच थांबली. मग त्याच्या लक्षात आलं की चारातली दोनच पानं दिसत आहेत.

“अपेक्षा कुठं गेल्या?” त्याने विचारलं.

“आत गेल्या. पत्ता बी आत गेला.”

“म्हंजे तुमी वाचल्या नाहीत.”

“वाचल्या ना. मोबाइलवरच वाचल्या, उलट्या.” मग तिने सांगितलं की सूक्ष्मदर्शकात सगळं उलटंच दिसतं. काच उजवीकडे सरकवली की आतलं डावीकडे जातं. दिवसभर तेच पाहायचं असतं, त्यामुळे उलटं वाचायला तिला काही वाटत नाही. प्रसेनजितच्या मनात आलं, जगात कुठंतरी असं एक यंत्र आहे ज्याच्यात बाण उलटा पळतो आणि त्याच्यासमोर एक माणूस रोज न चिडता बसतो.

“त्या तुमच्या हायेत का?” निताने विचारलं. “अपेक्षा.”

दारातली बाई आत आली होती. तिने पत्रिकेचा मजकूर टेबलावर ठेवला. प्रसेनजितने तिला हाताने थांबा म्हटलं.

“मायच्या हायेत,” तो म्हणाला. “थोड्या बाबाच्या.”

“मंग राहू द्या आतच. आन् तुमच्या?”

“चार पानात जागाच नाही राह्यली.”

“मागची बाजू कोरी हाय सगळी,” ती म्हणाली, आणि कोणीतरी रक्त द्यायला आलं म्हणून तिने फोन ठेवला.

त्या आठवड्याच्या शेवटी आत्याचा फोन आला की गुरुजी या म्हणतात. उकंडरावांनी मालेगावहून मेडशीची कुठली गाडी धरायची ते पाठ असूनही दोनदा विचारून घेतलं. विमलबाईंनी नवी साडी नेसली. प्रसेनजितची बनियन सरळ आहे की नाही ते त्यांनी कॉलर मागं ओढून पाहिलं.

गुरुजींचं घर बसथांब्यापासून जवळच. बैठकीत टेबलावर तो कागद उभा होता. या बाजूने आलेल्या माणसाला प्रसेनजितचा फोटो दिसायचा, त्या बाजूने बसलेल्याला उकंडराव, विमलबाई आणि सगळं कुळ. उकंडराव मुद्दाम त्या बाजूला जाऊन बसले. आपलं नाव सरळ छापलेलं त्यांनी शांतपणे, पूर्ण वाचलं. गुरुजी खुर्चीत पाठीमागं दोन उशा लावून ताठ बसले होते. चहा घेतानाही मान हलवत नव्हते. गुरुजी निवृत्त कधी झाले, उकंडराव कधी झाले, मेडशीला गाड्या थांबतात की नाही, असं बोलणं झालं. निता पोहे देऊन गेली. प्रसेनजितने तिच्याकडे पाहिलं आणि ताटली घेताना दोन्ही हात एकाच बाजूने पुढं केले. ताटली जरा कलंडली, पण पडली नाही.

पोहे संपले. गुरुजींनी नुसते डोळे वर करून घड्याळ पाहिलं. प्रसेनजितला वाटलं, झालं, आता परत ‘कळवतो’. विमलबाई पदराशी खेळत होत्या. मग गुरुजी घसा साफ करून उकंडरावांना म्हणाले, “तुमच्या त्या घरच्यांच्या पानावर शेवटी एक ओळ हाय. बारीक अक्षरात.”

उकंडरावांचा चेहरा पडला. ते म्हणाले की तसल्या गोष्टी आम्ही मानत नाही, घरच्या बाईमाणसाच्या आग्रहाखातर छापलं, तुम्ही मनावर घेऊ नका.

“मी बी मानत नाही,” गुरुजी म्हणाले. “पंचवीस वर्षं पोरांना हेच शिकवलं. पण ती ओळ वाचता वाचताच कमर भरली.”

गुरुजी दोन्ही हात खुर्चीवर टेकवून सावकाश उठले, आतल्या खोलीच्या दाराशी गेले आणि मागं न वळता म्हणाले की पोराला जरा आत पाठवा, त्याच्याशी दुकानाबद्दल बोलायचं आहे. प्रसेनजितने वडिलांकडे पाहिलं. उकंडरावांनी टीपॉयवरचा पेपर उचलला आणि डोळ्यांच्या जरा जास्तच जवळ धरला. प्रसेनजित चपला दाराशी सोडून आला होताच. तो आत गेला. दार लागलं.

बाहेर सगळे आपापल्या जागी बसून राहिले. आतून खाट करकरली. मग गुरुजींचा दबका आवाज आला, जरा उजवीकडं. आणि त्यावर प्रसेनजितचा, त्याहून दबका, गोंधळलेला आवाज.

“तुमची उजवी का माह्यी?”

विमलबाईंनी पदर तोंडाला लावला. आत्या खिडकीबाहेर पाहायला लागली. उकंडराव हलले नाहीत, ते वाचतच होते, एकाग्र होऊन. रिकाम्या ताटल्या न्यायला आलेली निता त्यांच्यासमोर क्षणभर थांबली. तिने त्यांच्या हातातला पेपर अलगद काढून घेतला, फिरवून सरळ केला, आणि परत त्यांच्या हातात दिला.

“हं बाबा,” ती म्हणाली, “आता वाचा.”